गाडीच्या पोटातली दुसरी चूल

घरात दोन चुली मांडल्या गेल्या, की घर फुटले असे आपल्याकडे म्हणतात. मोटारीचे नेमके उलटे आहे. मोटारीत दुसरे इंधन घेतले, की त्याची चूल वेगळीच मांडावी लागते. त्याची टाकी वेगळी, नळी वेगळी, झडप वेगळी आणि दाबही वेगळा. ते न करता एकाच चुलीवर दोघांचे भागवू पाहिले, तर गाडी फुटते, आणि कधी कधी गाडीबरोबर एखादे घरही.

हा विषय मेकॅनिक मंडळींचा, त्याचे रविवारच्या पुरवणीत काय काम, असे कुणाला वाटेल. पण तो गॅरेजपुरता राहिलेला नाही. आमचे चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असे करीत नांदेडला आणि तिथून पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आहे. लातूरला शिकवणीसाठी जाणारी मुले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे, आडतीवर हिशेब करायला चाललेला शेतकरी, लातूर रोड स्टेशनवर गाडी गाठायची घाई असलेले पाहुणे, अशी सगळी माणसे रोज सकाळी या रस्त्यावर उभी असतात. एसटी येईपर्यंत ज्यांना दम निघत नाही, ते समोर थांबलेल्या व्हॅनमध्ये बसतात. ती व्हॅन कशावर चालते, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. भाडे किती, एवढेच आपण विचारतो.

मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतरही लोक प्रश्न घेऊन घरी येतात. अलीकडे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला तरुण पोरांचा. सिनेमात त्यांनी पाहिलेले असते, की नायक एक बटण दाबतो आणि गाडी बाणासारखी सुटते. मग ती विचारतात, "सर, आपल्या गाडीला नायट्रस बसंल का?" दुसरा प्रश्न आयाबायांचा. "गुरुजी, लेकराच्या शाळेच्या गाडीत गॅसचा वास येतोय. ड्रायव्हर म्हणतेत, नवीन सीटचा वास आहे. खरं काय असंल?" वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण एकाचे उत्तर नीट दिले, की दुसऱ्याचे आपोआप मिळते. म्हणून आधी पोरांच्या प्रश्नाकडे वळू.

हसवणारा वायू आणि लोहाराचा भाता

नायट्रस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, शाळेच्या पुस्तकातला 'हसवणारा वायू'. जोसेफ प्रिस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ मध्ये तो प्रथम तयार केला. १७९९ च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने तो स्वतःच हुंगून पाहिला आणि त्याचे गुण लिहून ठेवले. १८४४ मध्ये होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने त्याच्या गुंगीत स्वतःचा दात काढून घेतला. तेव्हापासून हा वायू दवाखान्यात रुजला तो आजतागायत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदलाने त्याचा निराळा उपयोग केला. फार उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा श्वास तोकडा पडतो. तिथे हा वायू इंजिनाला पाजून त्यांनी ताकद टिकवली. युद्धानंतर ही युक्ती शर्यतीच्या गाड्यांत आली.

हा वायू स्वतः इंधन नाही. लोकांचा इथेच घोटाळा होतो. 'गॅस' म्हटले, की तो जळणारच असे आपण धरून चालतो. पण नायट्रस जळत नाही, तो जाळायला मदत करतो. इंजिनात तापला, की तो फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. साध्या हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर या वायूत ३६ टक्के. शिवाय द्रवाचा वायू होताना तो आत येणारी हवा गार करतो आणि गार हवा दाट असते. म्हणजे एकाच घासात इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो.

लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणा. भाता जोरात मारला, की निखारे फुलतात. पण भाता मारणारा जसा हवा, तसा कोळसा टाकणाराही हवा. कोळसा कमी आणि वारा जास्त झाला, तर भट्टीतले लोखंडच जळायला लागते, हे कुठलाही लोहार सांगेल. इंजिनातही तेच होते. नायट्रस आला आणि त्याच्या बरोबरीचे पेट्रोल आले नाही, तर आतली आग प्रमाणाबाहेर तापते, अवेळी भडका उडून ठोके बसू लागतात आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडते. ते भोक गॅसकटरने पाडल्यासारखे दिसते. त्यासाठी फार वेळही लागत नाही, काही क्षण पुरतात.

हिशेबाने सांगायचे तर, एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. हसवणाऱ्या वायूचे मात्र साडेनऊ-पावणेदहा किलोच पुरतात. प्रत्यक्षात जाणकार याहूनही जास्त पेट्रोल सोडतात. पेट्रोल थोडे वाया गेले तरी चालेल, पण आग कोरडी पडता कामा नये, असा त्यांचा नियम.

पाहुण्यांचा स्वयंपाक वेगळा

मग हे जास्तीचे पेट्रोल आणायचे कुठून? गाडीच्या टाकीत पंप असतोच, त्याच नळीला फाटा काढला तर काय बिघडले, असे पोरे विचारतात. बिघडते ते असे. घरात दहा माणसांचा स्वयंपाक झालेला आहे आणि ऐन जेवणाच्या वेळी आणखी पाच पाहुणे आले. त्याच पातेल्यातून वाढत गेलात, तर पाहुणे अर्धपोटी आणि घरचेही अर्धपोटी. गाडीचा पंप तिच्या इंजिनाच्या भुकेपुरता बसवलेला असतो. नायट्रसच्या फाट्याने एकदम ओढ घेतली, की दोन्हीकडचा दाब पडतो आणि इंजिनाला पेट्रोलची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्या क्षणी ते कमी मिळते.

म्हणून शर्यतीतले जाणते लोक नायट्रसच्या पेट्रोलची स्वतंत्र व्यवस्था करतात. एक छोटी वेगळी टाकी, तिचा वेगळा पंप, वेगळी गाळणी, दाब राखणारा वेगळा रेग्युलेटर, वेगळी नळी आणि तोंडाशी विजेवर उघडणारी झडप, जिला मेकॅनिक सोलेनॉइड म्हणतात. याचा आणखी एक फायदा असतो. गाडी एरवी पंपावरचे साधे पेट्रोल पिते, पण या छोट्या टाकीत शर्यतीचे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल ठेवता येते, म्हणजे ठोके बसत नाहीत. महाग पेट्रोल लागते ते चमच्याचमच्याने.

ही व्यवस्था बसवल्यावर दाब कसा तपासायचा, यात खरे कसब आहे. काटा पाहायचा तो पेट्रोल वाहत असताना. बंद नळावरचा काटा फसवा असतो. घरचाच नळ बघा. तोटी बंद असते तेव्हा पाइप फुटेल की काय इतका दाब वाटतो. तोटी उघडली, की करंगळीएवढी धार. तसेच इथे. गाडीत ज्या मापाचे छिद्र बसवायचे, त्याच मापाच्या छिद्रातून पेट्रोल सोडून, ते भांड्यात सुरक्षितपणे धरून, तेव्हाचा दाब मोजायचा आणि त्यावर रेग्युलेटर लावायचा. वायूचे छिद्र आणि पेट्रोलचे छिद्र यांची जोडी ठरलेली असते, एक बदलले की दुसरे बदललेच पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी बसवतात. पेट्रोलच्या नळीवर दाब ओळखणारी एक कळ असते. पेट्रोलचा दाब ठरल्यापेक्षा खाली आला, की ती नायट्रसची वीज तोडते. इंधन नाही तर वाराही नाही. आणखी एक कळ ॲक्सिलरेटरवर असते. तो पूर्ण दाबलेला असल्याशिवाय वायू सुटत नाही. सिनेमात नुसते बटण दिसते, पण खरी व्यवस्था म्हणजे बटण दाबूनही 'नाही' म्हणणाऱ्या या दोन कळा.

एवढे ऐकून पोरांचे डोळे चमकतात. मग मी त्यांना आमच्या मे महिन्याची आठवण करून देतो. हा वायू ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी द्रव राहत नाही, आणि तापेल तसा बाटलीतला दाब वाढत जातो. २० अंशांना तो साधारण ५० बार असतो, म्हणजे ट्रकच्या टायरच्या कितीतरी पट. आमच्याकडे उन्हाळ्यात चाळिशी ओलांडते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत किती होत असेल, याचा अंदाज डिकीला हात लावणाऱ्याने करावा. अशा डिकीत ती बाटली ठेवून चाकूर-लातूर रस्त्यावर ट्रॅक्टर, बैलगाड्या, शाळेची पोरे यांच्यातून वाट काढायची, हे शौर्य नव्हे. ड्रॅग शर्यती आपल्या महाराष्ट्रातही झाल्या आहेत, पण त्या लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर. ज्यांना हौस आहे त्यांनी तिथे जावे, नियम पाळावेत, हेल्मेट घालावे. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करायला कायद्याची परवानगी नाही.

विहिरीवरचे इंजिन

दुसऱ्या चुलीचे हे शास्त्र आपल्याला परके आहे असे मात्र नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या पिढीने ते विहिरीच्या काठावर शिकले आहे. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी छोटी इंजिने अनेकांनी वापरली. त्यांना दोन टाक्या असत. एक पसाभर पेट्रोलची, दुसरी मोठी रॉकेलची, आणि मध्ये एक कॉक. रॉकेल थंड असताना नीट वाफाळत नाही, म्हणून इंजिन आधी पेट्रोलवर सुरू करायचे, ते तापले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे. बंद करण्याच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल साचून राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळत नाही. शाळा न शिकलेला माणूसही हे बिनचूक करीत असे, कारण दोन इंधनांचे दोन स्वभाव त्याने हाताने ओळखले होते.

पुढे याच रॉकेलचा दुसरा, वाईट उपयोग सुरू झाला. रेशनचे स्वस्त रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळले जाऊ लागले. ओळखू यावे म्हणून सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, तरी धंदा थांबला नाही. यात किती पैसा होता, हे महाराष्ट्राला २५ जानेवारी २०११ रोजी कळले. त्या दिवशी मनमाडजवळ इंधनातल्या भेसळीची पाहणी करायला गेलेले मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा पेटवून देण्यात आले. विहिरीवरच्या शेतकऱ्याने दुसरे इंधन वेगळ्या टाकीत, उघडपणे ठेवले होते. भेसळ करणाऱ्याने ते चोरून पहिल्याच टाकीत घातले.

स्वयंपाकघरातून गाडीत

आता आयाबायांच्या प्रश्नाकडे येतो. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली. पुढे ती 'ओम्नी' झाली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तालुक्याच्या गावांत ती रुग्णवाहिका झाली, शाळेची गाडी झाली, वरातीची गाडी झाली. पेट्रोल महाग आणि स्वयंपाकाचा गॅस त्या मानाने स्वस्त. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आले, की घरचा लाल सिलिंडर मागच्या सीटमागे आडवा टाकायचा आणि रबरी नळीने इंजिनाला जोडायचा. त्या काळात गाडीत एलपीजी वापरायला कायद्याने मान्यताच नव्हती. ती २००० च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने मिळाली आणि २००१ मध्ये गाडीतल्या एलपीजीच्या वापराचा स्वतंत्र आदेश निघाला. पण मान्यता मिळाली ती गाडीसाठी बनवलेल्या टाकीला आणि गाडीसाठी विकल्या जाणाऱ्या गॅसला. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला ती तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

फरक फक्त कागदाचा आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. "सर, गॅस तो गॅसच ना? घरी पेटतोय तसा हितं पेटतोय. चार पैसे सुटतेत, एवढंच." म्हणून हा फरक जरा सविस्तर सांगतो.

घरचा १४.२ किलोचा सिलिंडर उभा ठेवण्यासाठी बनवलेला असतो. खाली द्रव, वर वाफ, आणि झडप वरच्या टोकाला, म्हणजे शेगडीला नेहमी वाफच मिळते. तो आडवा केला, की झडपेतून द्रव बाहेर येऊ लागतो. एक लिटर द्रवाची वाफ होते सुमारे अडीचशे लिटर. रेग्युलेटर आणि नळी वाफेसाठी बनवलेली, त्यातून द्रव सुटला तर काय होईल याचा विचार करा. शिवाय घरचा सिलिंडर एका जागी स्वस्थ उभा असतो. गाडीतला खड्ड्याखड्ड्याला आदळतो, आणि रबरी नळी पत्र्याच्या कडेला रोज घासते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. गळाला तर तो वर उडून जात नाही, सीटखाली पाण्यासारखा साचतो. हवेत त्याचे प्रमाण शंभरात दोन भागांच्या आसपास गेले, की एक ठिणगी पुरते, आणि गाडी सुरू करताना स्टार्टर ठिणगी टाकतोच. घरात गॅस सुटला तर खिडकी उघडता येते. बारा लेकरे दाटीने बसलेल्या, हिवाळ्यात काचा लावलेल्या गाडीत कोण काय उघडणार?

तो वासही गॅसचा स्वतःचा नाही. एलपीजीला मुळात वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो वास म्हणजे गाडीने मारलेली हाक आहे. 'नवीन सीटचा वास' म्हणून ती हाक दडपणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा अडचणीत आहे.

नीट मांडलेली चूल

मग गॅसवरची प्रत्येक गाडी वाईट का? मुळीच नाही. नीट बसवलेली एलपीजीची गाडी चांगली चालते. या गॅसचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, धूर कमी, इंजिनात काजळी कमी. पण ती व्यवस्था कशी असते ते पाहा, म्हणजे शर्यतीच्या गाडीतली छोटी टाकी आठवेल.

गाडीची एलपीजी टाकी जाड पत्र्याची, भारतीय मानकाप्रमाणे बनवलेली आणि लोखंडी पट्ट्यांनी चासीला आवळलेली असते. तिच्यावर 'मल्टीव्हॉल्व्ह' नावाची एकत्र झडप असते. टाकी ऐंशी टक्के भरली, की ही झडप भरणे आपोआप थांबवते, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. नळी तुटून गॅस एकदम धावू लागला, तर ती वाट बंद करते. आतला दाब फार वाढला, तर जादा गॅस सोडून देते. या झडपेवर हवाबंद झाकण असते आणि त्यातून निघालेल्या नळ्या गाडीच्या बाहेर उघडतात, म्हणजे थोडीफार गळती झाली तरी ती बसणाऱ्यांच्या नाकाशी येत नाही. टाकीतून द्रव मुद्दाम तळातून घेतला जातो. धातूच्या नळीने तो पुढे जातो आणि रेडिएटरच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या व्हेपरायझरमध्ये त्याची वाफ होते. इंजिन बंद पडले, की विजेवरची झडप गॅस तोडते. पेट्रोलची टाकी, पंप, नळी हे सगळे जागच्या जागी राहते आणि एका स्विचने एकीकडून दुसरीकडे जाता येते.

इथेही 'नाही' म्हणणाऱ्या कळा आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ऐंशी टक्क्यांनंतर नाही, नळी तुटली तर नाही, इंजिन बंद तर नाही. स्वयंपाकघरातून आणलेल्या सिलिंडरला गाडीतला यातला एकही नकार देता येत नाही. काही जण मान्यताप्राप्त टाकी बसवतात आणि तीत घरच्या सिलिंडरमधला गॅस छोट्या मोटारीने ओढून भरतात. हे काम पत्र्याच्या शेडमध्ये, बंद दाराआड चालते. अशा भरण्याच्या जागी लागलेल्या आगींच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. तिथे गाडी उभी असते तेव्हा भिंतीपलीकडे कुणाचे तरी घर असते. सुरुवातीला जे 'घर फुटते' म्हटले ते हेच.

सीएनजीचे शास्त्र वेगळे आहे. तो हवेपेक्षा हलका, पण टाकीतला दाब सुमारे २०० बार. त्यामुळे त्याचा सिलिंडर दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासून घ्यावा लागतो, तर एलपीजीची टाकी दर पाच वर्षांनी. कारखान्यातून सीएनजी बसून आलेली गाडी घेतली, की लोक निर्धास्त होतात आणि ही तपासणी विसरतात. कारखान्याने चूल नीट मांडून दिली, तरी तिची राख काढणे आपल्याकडेच असते.

पहिल्याच टाकीत आलेला पाहुणा

तिसऱ्या एका इंधनाचा उल्लेख करायला हवा, कारण ते आपल्याच मातीतले आहे. उसापासून होणारे इथेनॉल. लातूर जिल्ह्याला साखर कारखान्यांची ओळख करून द्यायला नको. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये देशभर वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, वजनाने सुमारे पस्तीस टक्के. म्हणजे भात्यातला वारा थोडासा कोळशातच मिसळून आला. नव्या गाड्यांचा संगणक हे ओळखतो आणि इंधन किंचित जास्त सोडतो. जुन्या कार्बोरेटरच्या स्कूटरला ते कळत नाही. ती थोडी कोरडी चालते, सकाळी कुरकुरते, आणि तिचे जुने रबर फुगू शकते. ज्यांच्या दारात वीस-पंचवीस वर्षांची गाडी आहे, त्यांनी रबरी नळ्या आणि वॉशर एकदा बदलून घ्यावेत, कार्बोरेटर जाणत्याकडून लावून घ्यावा. खर्च फार नाही.

चार पैशांचा हिशेब

कायदा काय म्हणतो, हेही सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. गॅस किट मात्र बसवता येते. ते मान्यताप्राप्त हवे, म्हणजे पुण्यात १९६६ मध्ये सुरू झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेने तपासलेले. ते बसवल्यावर परिवहन कार्यालयात नोंद करून आरसी पुस्तकावर इंधनाचा बदल लिहून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीला कळवावे लागते. नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येते, आणि घरातला कर्ता माणूस गेलेला असतो तेव्हा ती अडचण बाईमाणसाच्या पदरात पडते.

व्हॅनवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्यावर कर्जाचा हप्ता आहे, पोरांच्या फिया आहेत, आणि पालक शाळेच्या गाडीचे भाडे पन्नास रुपयांनी वाढले तरी भांडतात. अधिकृत गॅस भरायचा पंप जवळ नसला, की वाट वाकडी होते. मी शिकवलेली पोरेच आज या व्हॅन चालवतात. ती वाईट नाहीत. त्यातला एक मला म्हणाला, "सर, नियमानं चालवायचं तर भाडं वाढवावं लागतंय, अन् भाडं वाढवलं की गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीत बसतेत. तुम्हीच सांगा." त्याला द्यायचे उत्तर माझ्याजवळ नाही, ते गाडीत बसणाऱ्यांजवळ आहे. आपण भाड्यात वाचवतो ते दहा-वीस रुपये कुठून येतात, हे एकदा सीटमागे वाकून पाहिले पाहिजे.

सोमवारी सकाळी

तेव्हा पालकांनी, गृहिणींनी एवढे करावे. उद्या लेकरू गाडीत बसवताना मागची सीट आणि डिकी पाहायला मागा. लाल सिलिंडर दिसला, किंवा गोधडी पांघरलेला काही ऐवज दिसला, तर लेकरू खाली उतरवा. टाकी दिसली तर तिच्यावरची धातूची पट्टी वाचा. तिच्यावर तपासणीची तारीख असते. गॅस भरायचे तोंड गाडीच्या आत नसून बाहेर असले पाहिजे. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर एलपीजी किंवा सीएनजी लिहिलेले हवे. सरकारच्या एमपरिवहन या मोबाइल ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला, की घरबसल्या हा रकाना दिसतो. शाळेच्या वाहतुकीसाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे, शाळेत परिवहन समिती असते. वासाची तक्रार तोंडी न करता त्या समितीकडे लेखी द्या, आणि एकट्याने न देता पाच-सहा पालकांनी मिळून द्या.

चालत्या गाडीत वास आलाच, तर गाडी कडेला घ्यायला सांगा, इंजिन बंद करायला लावा, दारे उघडा, सगळ्यांना खाली उतरवून वाऱ्याच्या उलट बाजूला दूर न्या. बिडी-काडी नको, गाडीतले दिवे-पंख्याचे बटणही नको, आणि मोबाइल काढायचा तो लांब गेल्यावर. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चालतो, तो घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ड्रायव्हरशी भांडण नंतर करता येईल. आणि ज्याने स्वतःहून गाडी थांबवली, त्याच्याशी मुळीच भांडू नका, उलट दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीत बसा. नियमाने चालणाऱ्या व्हॅनवाल्याला पन्नास रुपये जास्त देणारे दहा पालक प्रत्येक गावात निघाले, तर बाकीच्या व्हॅनमधले सिलिंडर स्वयंपाकघरात परत जायला वेळ लागणार नाही.